पतसंस्थेत अपहार पाच कोटींचा, मग सगळाच बाजार का बसला?

बियाणेवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बाजारपेठेच्या गावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांपासूनचं. बियाणं, खतं, औषधं विकतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या इथल्या एका पतसंस्थेचं शटर खाली आलं. गुन्हा दाखल आहे, चौकशी चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. लेखापरीक्षणात अपहार निघाला पाच कोटींच्या आसपास. ठेवी होत्या चाळीस कोटींच्या घरात.

आता माझा प्रश्न. यंदा पाऊस बरा झाला. कारखान्याची उसाची बिलं वेळेवर आली. आमच्या तालुक्यात एका गळीत हंगामात जेवढा पैसा येतो त्यापुढे पाच कोटी म्हणजे काहीच नाही. तरीही बाजार बसलाय. हार्डवेअरवाला रिकामा बसून आहे. ट्रॅक्टरचे बुकिंग लोक रद्द करतायत. ज्यांचा त्या संस्थेत एक रुपयासुद्धा नव्हता, तेही हात आखडून आहेत. खरिपाची उधारी दिवाळीत सुटायची ती अजून अडकलीय. आणि ज्या वितरकाकडून वडील वीस वर्षं महिन्याच्या उधारीवर माल आणत होते, तो आता म्हणतो आधी आरटीजीएस, मग गाडी.

धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो, "पाच कोटींनी अर्थव्यवस्था हलत नसते दादा, तुला उगीच वाटतंय." मला उगीच वाटत नाहीये. रोजची गल्ल्याची वही माझ्यासमोर आहे. हे नेमकं कसं होतं, कोणी सांगेल का?

दुसरं, आईच्या नावावर दुसऱ्या एका पतसंस्थेत मुदत ठेव आहे, वडिलांच्या विम्याचे पैसे. ती संस्था चांगली चाललीय असं सगळे म्हणतात. पण आई रात्री झोपत नाही. म्हणते, काढून आण आणि सोनं घे. काय करावं?

निवृत्त लेखापरीक्षक

दादा, तुमच्या भावाने हिशेबाला आकडाच चुकीचा धरलाय. अपहार पाच कोटींचा, पण थांबला आहे तो चाळीस कोटींचा पैसा. आणि तो कुठे पुरून ठेवलेला नव्हता, तुमच्याच बाजारात फिरत होता. कोणाची म्हैस, कोणाचा टेम्पो, कोणाच्या दुकानातला दिवाळीचा माल त्यातून भरला जात होता. पतसंस्थेचं कर्ज म्हणजे तालुक्याचं खेळतं भांडवल. राष्ट्रीयीकृत बँक तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते, तेव्हा पंक्चरवाल्याला पन्नास हजार कोण देतं? त्याचं तोंड ओळखणारी पतसंस्थाच देते.

पहिला फटका हा. दुसरा त्याहून मोठा आहे आणि तो कोणत्याच अहवालात दिसत नाही. संस्था बंद पडली की कर्जदार हप्ते थांबवतो. लबाड कर्जदार तर थांबवतोच, पण आयुष्यात कधी थकला नाही असा माणूसही म्हणतो, "माझी ठेव तिथे अडकली, मी कर्ज का फेडू?" त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पण हप्ते थांबले की ठेवीदाराला परत द्यायला पैसा येणार कुठून? पाच कोटींचं भोक असं बघता बघता पंधरा-वीस कोटींचं होतं, आणि या वेळी ते चोराने पाडलेलं नसतं.

तिसरी गोष्ट तुम्हीच लिहिलीत. आई शेजारच्या चांगल्या संस्थेतून पैसे काढायला निघालीय. तालुक्यातल्या शंभर घरांत याच वेळी हेच बोलणं चाललेलं असणार. त्या चांगल्या संस्थेचा व्यवस्थापक काय करेल? नवी कर्जं बंद करेल आणि रोख हाताशी ठेवेल. त्याचंही चूक नाही. पण मग तुमचा ट्रॅक्टरचा गिऱ्हाईक मार्जिन मनीसाठी, म्हणजे स्वतःच्या हिश्शाच्या रकमेसाठी, कोणाकडे जाणार? तुमच्या वितरकाला कोणी फोन करून सांगितलं नाही. त्याच्याकडे तुमच्या तालुक्यातल्या दोन-चार दुकानदारांचे चेक परत आले असतील, एवढं पुरतं. त्याने तुमचं वीस वर्षांचं नाव बघितलं नाही, तालुक्याचं नाव बघितलं.

माझी सगळी नोकरी सहकार खात्यात लेखापरीक्षणात गेली. एका संस्थेचं दप्तर तपासताना बघितलेलं सांगतो. मार्चअखेर थकबाकी शून्य, ऑडिट वर्ग 'अ', चेअरमनच्या केबिनमध्ये ढाली आणि मानपत्रं. मला खटकली ती तारीख. तीस-चाळीस कर्जं ३१ मार्चलाच मंजूर झालेली. फाइली काढल्या तर सगळे अर्ज एकाच हस्ताक्षरात, जामीनदारांची तीच चार नावं फिरून फिरून, आणि तारणाला जोडलेला एकच सातबारा तीन फाइलींत. मंजूर झालेली रक्कम त्याच दिवशी, एकाच व्हाउचरने, जुनी थकलेली कर्जं भरायला वापरलेली. सहकारात याला 'नवं-जुनं' म्हणतात. जुनं कर्ज कागदावर फिटतं, नवं उभं राहतं, पैसा कुठेच हललेला नसतो. त्यातली एक फाइल संस्थेच्याच शिपायाच्या नावावर होती, पंधरा लाखांची. तो पाण्याचा ग्लास ठेवायला आत आला तेव्हा मी त्याला सही दाखवली. सही त्याचीच होती. त्याला वाटलं होतं पगारवाढीचा कागद आहे. मुळातली थकलेली कर्जं संचालकांच्या पाहुण्यांची होती, आणि तो पैसा एका अर्धवट मंगल कार्यालयात गेला होता. ते कार्यालय पुढे पूर्ण झालंच नाही.

अर्थव्यवस्थेचं नुकसान मला तिथे डोळ्यांनी दिसलं. पैसा चोरीला गेला एवढंच नाही, तो चुकीच्या जागी गेला. ज्याच्या गोठ्याला, ज्याच्या शेडला दोन लाख हवे होते त्याला सांगितलं गेलं की निधी शिल्लक नाही. उभा न राहिलेला धंदा कोणाच्या फिर्यादीत लिहिला जात नाही.

हेच मोठ्या आकड्यात बघायचं तर पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक घ्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील असं जाहीर झालं. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली, पण पहिला दिवस लोक विसरले नाहीत. कर्जं सुमारे ८,८०० कोटींची आणि त्यातली जवळपास ६,५०० कोटी एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे. तेव्हाच्या नियमाने एका कर्जदाराला बँकेच्या भांडवली निधीच्या १५ टक्के आणि एका समूहाला ४० टक्के ही कमाल मर्यादा होती. ते झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली. मी तपासलेल्या संस्थेत शिपाई होता, तिथे एकवीस हजार नावं होती. पद्धत तीच.

बँक शेवटी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून आली. त्यावरच्या वैयक्तिक ठेवी टप्प्याटप्प्याने, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षांची मुदत देणं म्हणजे काय, याचा विचार करा. तो माणूस आणि त्याची मुलं पुन्हा कोणत्या सहकारी बँकेत ठेव ठेवतील? ठेव नाही तर कर्ज नाही. २००४ साली देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या, आज साधारण दीड हजारावर आल्यात. सगळ्या काही घोटाळ्याने गेल्या नाहीत, बऱ्याच विलीन झाल्या. पण छोट्या माणसाला दारात उभं करणारी खिडकी तेवढी कमी झाली, हे नक्की.

आईच्या ठेवीबद्दल वेगळं लिहितो, घाई करू नका.

कस्टम्सवाला (नवी मुंबई)

काकांचं पटलं, पण सगळं खापर सहकारावर फुटायला नको. मोठ्या सरकारी बँकेतही हेच झालंय, आणि तिथेही भुर्दंड सरळ मार्गाने धंदा करणाऱ्याने भरला. मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो, म्हणून हे जवळून पाहिलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचं, हिरे व्यापारी नीरव मोदीचं प्रकरण बाहेर आलं. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षं हमीपत्रं, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंग, तारणाशिवाय दिली जात होती. संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून जायचे, आणि स्विफ्ट बँकेच्या कोअर बँकिंगला, म्हणजे मुख्य हिशेब प्रणालीला, जोडलेलं नव्हतं, त्यामुळे हिशेबात नोंदच नाही. रक्कम १३,००० कोटींच्या वर गेली. त्यानंतर १३ मार्च २०१८ ला रिझर्व्ह बँकेने आयातीच्या कर्जासाठी ही हमीपत्रं देणंच बंद केलं, सगळ्यांसाठी.

माझा एक अशील रंगाच्या कारखान्यासाठी कच्चा माल आणायचा. छोटा माणूस, पण एकही बिल कधी थकवलेलं नाही. या हमीपत्रांवर त्याला परदेशी चलनातलं स्वस्त बायर्स क्रेडिट, म्हणजे माल आणायला कर्ज, मिळायचं. ते एका परिपत्रकाने गेलं. मग रुपयातलं महाग कर्ज काढा, नाहीतर जास्त कमिशन आणि मार्जिन भरून लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडा. त्याने एक कंटेनर कमी मागवायला सुरुवात केली, मग एक पाळी बंद केली. पाळी बंद म्हणजे पगार बंद. त्या कामगारांनी त्या हिरे व्यापाऱ्याचं नाव फक्त टीव्हीवर ऐकलं होतं.

रिझर्व्ह बँकेला दोष देत नाही. घोटाळा झाल्यावर नियम कडक होणारच. पण कडक नियमाचा खर्च चोराला पडत नाही, तो पळालेला असतो. जो रांगेत उभा राहून कागद भरतो त्यालाच पडतो. बियाणेवाले दादा, तुमच्या वितरकाचं 'आधी आरटीजीएस' हे त्याचंच छोटं रूप आहे.

पिग्मीताई

मी पिग्मी, म्हणजे पतसंस्थेसाठी रोजची छोटी बचत, दारोदारी गोळा करते. भाजी मंडई, रिक्षा स्टँड, दोन ब्यूटी पार्लर, चहाच्या टपऱ्या असा माझा भाग. आकडे मला वर लिहिलेत तसे येत नाहीत, पण रस्त्यावर काय होतं ते सांगते.

आमच्या संस्थेत एका पैशाचा घोळ नाही. बुडाली ती शेजारच्या तालुक्यातली. बातमी पेपरात आली त्या सकाळी मी मंडईत गेले तर कोथिंबीर विकणाऱ्या मावशींनी पैसे दिलेच नाहीत. म्हणाल्या, "आज नको बाई. आणि माझं आजवरचं जे झालंय ते मला देऊन टाक." मी समजावलं, मुदतीआधी बंद केलं तर व्याज जाईल, कपात होईल. त्या म्हणाल्या, जाऊ दे. शेजारच्या लिंबूवाल्याने ऐकलं आणि तोही तेच बोलला. दुपारपर्यंत अर्ध्या मंडईने पासबुकं माझ्या हातात दिली. कोणी वाईट बोललं नाही, हे जास्त लागलं. रोज हसून पन्नास रुपये देणारी माणसं माझ्याकडे बघणं टाळत होती.

मावशींना पैसे मिळाले. घरात ठेवले. घरातले पैसे राहत नाहीत, दिराने दवाखान्याचं कारण सांगून नेले. जूनमध्ये नातीच्या शाळेची फी आली. आमच्याकडे खातं चालू असतं तर जमा रकमेवर कर्ज मिळालं असतं, दोन दिवसांचं काम. त्याऐवजी त्या मंडईत फिरणाऱ्या माणसाकडून घेतात. सकाळी नऊशे हातावर ठेवतो आणि संध्याकाळी हजार घेऊन जातो. शंभर रुपये एका दिवसाचे! त्याच्याकडे ना पावती ना परवाना. पण मावशी म्हणतात, "तो निदान माझे पैसे घेऊन पळणार नाही, माझ्याकडे त्याचे आहेत."

चेअरमन लोकांना माहीत नसतो. संस्था म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही, दारात येणारी बाई. बुडालेल्या संस्थेच्या एजंट बायकांची काय अवस्था आहे ते कोणी विचारत नाही. त्यातली एक माझ्या ओळखीची. तिने स्वतःचे दागिने मोडून चार गिऱ्हाइकांचे पैसे फेडले, कायद्याने तिची काही जबाबदारी नसताना. आता ती दुसऱ्या गावात शिवणकाम करते. त्या संस्थेच्या संचालकाला जामीन मिळाला आणि तो लग्नाकार्यांत पुढच्या रांगेत बसतो. हे बघितल्यावर लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा? माझं तर डोकंच चालत नाही.

बियाणेवाला

ताई, तुमचं वाचून पुढचं वाचवेना. आमच्या इथेही अगदी हेच झालंय. लोक आता एकमेकांना जामीन राहत नाहीत. माझ्या सख्ख्या चुलत्याने मला नाही म्हटलं, आणि मला त्यांचा राग आला नाही.

भावाला हा धागा पाठवला. वाचलं म्हणाला, पुढे काही बोलला नाही.

काका, आईच्या ठेवीचं सांगाल का? आणि एक नवीन भानगड. बुडालेल्या संस्थेच्या ठेवीदारांकडे दोन माणसं फिरतायत. म्हणतात, "पावती आम्हाला द्या, पस्तीस टक्के रोख आज देतो. वाट बघत बसाल तर तेवढेही मिळणार नाहीत." आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर द्यायला तयार झालेत.

निवृत्त लेखापरीक्षक

आधी मास्तरांना थांबवा, आज संध्याकाळीच. हा डाव महाराष्ट्राने पाहिलाय. जळगावच्या बीएचआर मल्टिस्टेट पतसंस्थेच्या प्रकरणात अवसायनाच्या, म्हणजे संस्था गुंडाळण्याच्या, काळातही गैरव्यवहार झाल्याचा आरोप झाला, २०२० मध्ये पुणे पोलिसांनी गुन्हे नोंदवले. त्यातला एक आरोप असा होता की अडचणीतल्या ठेवीदारांकडून पावत्या तीस-चाळीस टक्क्यांत घ्यायच्या आणि बड्या कर्जदाराच्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या करायच्या. कर्जदाराचं कोटीचं कर्ज तीस-चाळीस लाखांत फिटतं आणि गरजू ठेवीदार दुसऱ्यांदा लुटला जातो. तुमच्याकडे फिरणारी माणसं कोणासाठी फिरतायत हे शोधायचं असेल तर संस्थेचे मोठे थकबाकीदार कोण, ते बघा.

आता आई. एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या, कारण लोक इथेच फसतात. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे, त्याआधी १९९३ पासून एकच लाख होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ती रक्कम द्यायची तरतूदही झाली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, सहकार खात्याची आहे. बोर्डावर किती मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो.

म्हणून मी सगळं काढा म्हणणार नाही आणि सगळं ठेवा असंही म्हणणार नाही. ज्याच्यावर आईचं म्हातारपण अवलंबून आहे ते मुदत संपेल तसं विमा असलेल्या बँकेत हलवा, पाच लाखांच्या आत, गरज पडली तर दोन बँकांत. थोडी रक्कम त्या संस्थेत राहू द्या, पण आधी तिचा वार्षिक अहवाल आणा. आई सभासद असेल तर ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक संस्थेच्या कार्यालयात बघायचा तिला कायद्याने हक्क आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, कलम ३२. मी दोन गोष्टी आधी बघायचो. 'येणे व्याज', म्हणजे हिशेबात धरलेलं पण अजून न मिळालेलं व्याज, दरवर्षी फुगत चाललंय का, म्हणजे नफा कागदावरचा आहे का. आणि मार्च महिन्यात एकदम किती कर्जं वाटली गेली. ऑडिट वर्गावर जाऊ नका. सगळं सोन्यात घालू नका, घडणावळीत आणि विकतानाच्या घटीत पैसा जातो आणि घरात जोखीम वाढते.

पिग्मीताई, तुमच्या संस्थेच्या व्यवस्थापकाला माझा निरोप द्या. मंडईतल्या लोकांना कार्यालयात बोलवा, अहवाल त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, संचालकांची आणि त्यांच्या नातेवाइकांची कर्जं किती आहेत ते नावासकट फळ्यावर लावा. एका जुन्या संस्थेने हे माझ्यासमोर केलं होतं. ठेवी सगळ्या परत आल्या नाहीत, पण काढणं थांबलं.

दादा, बुडालेल्या संस्थेतल्या ठेवीदारांनी एकत्र यावं. गुन्हा एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली नोंदला आहे का ते पोलिसांकडे विचारा, कारण १९९९ च्या त्या कायद्याने संचालकांच्या मालमत्ता जप्त करून लिलाव करता येतात. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ ची जबाबदारी निश्चितीची चौकशी सुरू झाली का, हे उपनिबंधकांना लेखी विचारा आणि पोच घ्या. अवसायक नेमल्याची नोटीस लागली की मागणी अर्ज मुदतीत भरा. मूळ पावती फक्त दाखवायची, जमा करायची ती झेरॉक्स. मास्तरांना माझा नंबर हवा असेल तर मला खाजगी संदेश टाका, मी स्वतः बोलतो.